बोर नावाचा काँप्युटर

पुण्यात माझ्या नावावर एक गॅरेज आहे आणि त्यात गाडी नाही. गाडी बाहेर उन्हात उभी असते आणि आत सावलीत जुने काँप्युटर राहतात. काही भंगारवाल्याकडून आणलेले, काही बंद पडलेल्या ऑफिसांतून उचललेले. दोन तर सोसायटीतल्या लोकांनी कोणी बघत नाही असं पाहून दाराशी सोडून दिलेले, मांजराची पिल्लं सोडतात तसे. सॉफ्टवेअरच्या नोकरीतून निवृत्त झालेली माणसं गड चढतात, योगासनं करतात किंवा दुसऱ्यांना करायला लावतात. मी हे करतो. बायकोनं गॅरेजला पांजरपोळ असं नाव दिलं आहे.

आमच्या धंद्याचा इतिहास अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये सुरू होतो आणि बहुतेक तिथंच संपतो. केस वाढवलेली दोन पोरं, एक सोल्डरिंग आयर्न, आणि पुढं एवढा पैसा की मोजायलाही काँप्युटरच लागावा. त्याच सुमाराला आपल्याकडे कोणी हा उद्योग केला असेल, असं मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकदाही वाटलं नाही. मागच्या हिवाळ्यात मी गॅरेजमध्येच छोटंसं प्रदर्शन मांडलं. वर्ध्याकडचे एक गृहस्थ आले, सगळं पाहिलं, चहा घेतला आणि चप्पल घालता घालता म्हणाले, "आमच्या आर्वीले असा एक काँप्युटर बनवलता. घरच्या घरी. त्याच्यावर कुंडल्या पाहत जाये लोक."

"कोणी बनवला होता?"

"तिघं होते. मंग भांडले. काँप्युटरची वाटणी झाली."

शेताची वाटणी ऐकली होती, विहिरीच्या पाण्याचीही ऐकली होती. काँप्युटरची वाटणी कशी करतात हे पाहण्यासाठी मी वर्ध्याचं तिकीट काढलं.

वर्धा

वर्धा स्टेशनावर बाहेरगावचा माणूस उतरला की रिक्षावाला "सेवाग्राम?" एवढंच विचारतो. उत्तर त्याला ठाऊक असतं. प्रदर्शनाला आलेल्या गृहस्थांनी तिघांपैकी एकाचा, झाडे सरांचा, पत्ता दिला होता. मी तो सांगितल्यावर रिक्षावाला जरा खट्टू झाला. "आश्रम नाई पाहाचा?" त्यानं वाटेत दोनदा विचारलं. एवढ्या लांबून येऊन मी एका निवृत्त प्राध्यापकाला बघणार, हे त्याला पटत नव्हतं.

आधी नाश्ता केला. पुण्यात पोह्यांवर ओलं खोबरं पडतं. इथं पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री ओततात आणि वर कच्चा कांदा देतात. दुकानदारानं विचारलं, "सांबार टाकू?" पोह्यांवर सांबार कोण घेतं, म्हणून मी ठामपणे नको म्हटलं. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे कळेपर्यंत मी प्रत्येक जेवण बिनकोथिंबिरीचं जेवलो.

झाडे सर आर्वीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्तीनंतर ते आणि त्यांच्या पत्नी, काकू, वर्ध्यात राहायला आले. पंचाहत्तरी ओलांडलेले, ताठ, आणि डोळ्यांना फार कमी दिसतं हे मान्य नसलेले. मी जिथं बसलो होतो त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते बराच वेळ माझ्याशी बोलले. त्यांच्या डोक्यावर भिंतीला फ्रेम केलेलं एक पिवळं कात्रण होतं. तरुण झाडे सर एका यंत्राजवळ उभे, आणि खाली मथळा: 'आर्वीच्या प्राध्यापकाने एकट्याने बनविला संगणक'.

"विदर्भातला पहिला घरगुती संगणक," सर म्हणाले. "भारतातला पहिला म्हणायलाही हरकत नाही, पण मला मोठेपणाची हौस नाही."

काकूंनी माझ्यासमोर वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांची बशी ठेवली आणि सरांच्या पाठीमागून भुवया उंचावल्या.

सरांनी सगळी कथा सांगितली. परदेशी मासिकातला आराखडा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेल्या चिपा. पुलगावहून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीतून त्या यायच्या. ती गाडी इतकी सावकाश चालायची की बाजूनं सायकलवाला पुढं जायचा. यंत्राची मेमरी एवढीशी होती, की आज सकाळी-सकाळी फोनवर जे फुलांचे फोटो येतात त्यातलं एक फूलही तिच्यात मावलं नसतं. जोडकाम सरांच्या ओळखीच्या मनोहर कोहळे या रेडिओ-मेकॅनिकनं केलं. मनोहर हिंगणीचा, बोर धरणाजवळचा, म्हणून यंत्राचं नाव बोर. "इंग्रजीत वेगळा अर्थ होतो हे उशिरा लक्षात आलं," सर म्हणाले.

"आणि प्रोग्रॅम?"

सरांनी तोंड वाकडं केलं. "सुमन थूल म्हणून एक मुलगी होती. गणितात बी.एस्सी. वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायची."

चिपांचा खर्च भागेना, तेव्हा यंत्राला कामाला लावायचं ठरलं. आर्वीत लोकांना यंत्राकडून एकच काम हवं होतं, पत्रिका जुळवणं. मुलाची जन्मतारीख आणि वेळ टाकायची, मुलीची टाकायची, यंत्र मिनिटभर विचार करायचं आणि छत्तिसांपैकी किती गुण जुळले तो आकडा टीव्हीवर यायचा. सर तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. आसपासच्या गावांतून बैलगाड्या करून लोक यायचे.

"आमचंही त्यानंच जुळवलं," काकू म्हणाल्या. "माह्या माहेरच्या भटजीनं तर नाडी एक हाय म्हणून मोडता घातलता. यायनं मशीनीवर टाकलं. एकतीस गुण. बाबा म्हणे, भटजी चुकन, पण मशीन कशी चुकन?"

सर पहिल्यांदा हसले. मग पुन्हा गंभीर झाले. "पण त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये दोष होता. काही मुलींचे गुण कोणाशीच जुळायचे नाहीत. कोणताही मुलगा आणा, आठ. पुन्हा आणा, आठ. तिला दुरुस्त करता येईना. मी नागपूरहून जाणकार माणूस बोलावतो म्हटलं, तर त्याच्या आदल्या दिवशी बाई कीबोर्ड आणि प्रोग्रॅमची कॅसेट चोरून घेऊन गेली. सगळं ठप्प. आज ही चाळीसेक वर्षं मी तिचं तोंड पाहिलेलं नाही."

मग त्यांनी लोखंडी कपाट उघडायला लावलं. काकूंच्या लग्नातल्या शालूखाली, डांबरगोळ्यांच्या वासात, पातळ फडक्यात गुंडाळलेला बोरचा मुख्य बोर्ड होता. तारा हातानं जोडलेल्या, एकेक टाका मोत्यासारखा. मी पुष्कळ बोर्ड पाहिले आहेत. याला हात लावायच्या आधी मी हात धुऊन आलो.

हिंगणी

हिंगणीची एसटी सेलूवरून जाते. रस्त्यात तुरी पिवळ्या झालेल्या, कापसाची शेतं अर्धी वेचलेली. कंडक्टरनं माझ्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून विचारलं, "काय हाय?" मी मोठी मिनतवारी केल्यावर सरांनी दाखवायला दिलेला बोर्ड होता. मी म्हटलं, "काँप्युटर." तो म्हणाला, "असन, असन," आणि समोरच्या बाईला हळूच म्हणाला, "पुण्याचे हायेत."

मनोहरभाऊ दारातच भेटले. सत्तरीतले, बारीक, कानाला विडी लावलेली. बोरच्या जंगलात वाघ बघायला येणाऱ्या लोकांसाठी त्यांच्या पुतण्यानं खोल्या बांधल्या आहेत, आणि त्यांतले नळ, पंखे, मोटारी मनोहरभाऊ सांभाळतात. मी फडकं उघडलं. ते बोर्डावर वाकले. मग त्यांनी एका टाक्यावर नख फिरवलं.

"हे माहं काम होय," ते म्हणाले. "हा टाका थोडा मोठा झाला. लाईट गेलती तवा."

"तुमच्या वाटणीला काय आलं?"

"पेटी. सागाची. तिच्यात ट्रान्सफॉर्मर हाय. अन् घरी एक जुना टीव्ही हाय. सागवान कोठून आणलं थे इचारू नका. तवा कोणी वाघ मोजत नव्हतं, झाडंबी मोजत नव्हतं."

ते मला मागच्या अंगणात घेऊन गेले. पडवीत, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, काड्यांच्या ढिगाशेजारी, बोर नावाच्या ऐतिहासिक यंत्राची सागवानी पेटी होती आणि तिच्यात एक तांबडी कोंबडी बसलेली होती. तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्यावरून तिला इतिहासात रस नव्हता हे कळलं.

"अंड्यावर बसली हाय," मनोहरभाऊ म्हणाले. "पिलं निघाल्याबिगर पेटी भेटत नाई."

"दुसरीकडे नाही का बसवता येणार?"

"येते ना. मंग थे अंडी सोडून देते." त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. "तुम्ही तवरिक आर्वीले जाऊन या. सुमनले भेटा. थे काही देणार नाई, पण भेटा."

जेवायला पाटवडीचा रस्सा होता. त्या रश्श्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि मनोहरभाऊंच्या बायकोनं मोठ्या दयेनं वरून साखर दिली. जेवताना मी भांडणाचं विचारलं.

"पेपरात नाव नाई आलं म्हणून सुमन रुसली, असं लोक म्हणत. मीबी तेच समजत होतो. माहंबी नाव नव्हतं. म्या दोन वर्षं तोंड फुगवलं, मंग इसरून गेलो." त्यांनी विडी पेटवली. "पण सुमन पेपरासाठी रुसणारी नाई. तिले भांडाचं असलं तर तोंडावर भांडते. हे गुपचूप जाणं तिचं नाई होय."

"प्रोग्रॅममध्ये दोष होता म्हणे."

मनोहरभाऊ हसायला लागले, आणि धूर नाकातून निघाला. "मशीन माह्या आर्वीच्या दुकानातच राहे. एक दिवस तेथं कोणी नव्हतं. म्या माही जन्मतारीख टाकली, अन् आमच्या वीस वर्षांच्या म्हाताऱ्या म्हशीची टाकली. एकोणतीस गुण आले."

"तुम्ही सरांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? सरायची सोयरीक याच मशीननं जमवली होती."

आर्वी

सुमनताई थूल बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत. घर बैठं, नीटनेटकं. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, पुस्तकांनी भरलेली भिंत आणि खिडकीतून येणारा शेजारच्या वाड्यातल्या संत्र्यांचा वास. मी येणार हे त्यांना मनोहरभाऊंनी फोन करून सांगितलं होतं. वाटणीनंतर दोघांचं पहिलं बोलणं. ते कसं झालं विचारलं तर म्हणाल्या, "तो म्हणाला, सुमन, मी मनोहर. मी म्हटलं, हं. तो म्हणाला, पुण्याचा एक माणूस येऊन राह्यला. मी म्हटलं, येऊ दे."

कीबोर्ड त्यांनी मागितल्याबरोबर आणून टेबलावर ठेवला. जुन्या टाइपरायटरच्या कळा, खाली एकेक स्विच, लाकडी चौकट. चाळीस वर्षं जुनी वस्तू, आणि एकाही कळेवर धूळ नाही.

"सर म्हणतात, तुम्ही चोरला."

"आमच्याच इन्स्टिट्यूटच्या मोडक्या मशीनच्या कळा आहेत. माझ्या बापाची वस्तू मी घरी आणली, त्याला चोरी म्हणतात का?"

"मग तुम्ही का निघून गेलात?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्हाला नाही सांगणार. तुम्ही चांगले दिसता, पण तुमचा त्याच्याशी संबंध नाही. सरांना इथं घेऊन या. मनोहरला आणा. बोर इथं जोडा. मग सांगते. नाहीतर पुण्याला जा आणि तिकडच्या भंगाराची पूजा करा."

आमच्या धंद्यात मी मोठमोठ्या परदेशी ग्राहकांशी वाटाघाटी केल्या आहेत. इतक्या स्वच्छ अटी कोणी घातल्या नव्हत्या. मी वर्ध्याला परत आलो आणि सरांना सांगितलं. सर म्हणाले, शक्य नाही. ती चुकली आहे, तिनं यावं. कॉलेजात शिकवून आलेल्या माणसाला वाटतं की सगळं जग कधीतरी त्याच्या केबिनमध्ये येऊन माफी मागणार आहे. मी दोन दिवस समजावलं. उत्तर तेच.

तिसऱ्या सकाळी काकू नेसून तयार होऊन बाहेर आल्या. "मले आर्वीले जाचं हाय. माहेर हाय माहं. गाडी सांगितली हाय. तुम्हाले याचं तर या."

"तू तिच्या घरी जाणार?"

"जाईन. चाळीस वर्षं तुमच्या तोंडून तिचं नाव ऐकून राह्यली. एकडाव तिच्या तोंडूनबी ऐकू द्या."

सर गाडीत बसले, पण समोर बघत. आणि तेवढ्यात हिंगणीहून फोन आला की पिलं निघाली आहेत.

दुपारी सुमनताईंच्या समोरच्या खोलीत आम्ही पाचजण जमलो. मनोहरभाऊ पुतण्याच्या टेम्पोतून पेटी, टीव्ही आणि एक पिल्लू घेऊन आले. पिल्लू चुकून आलं होतं. ते पेटीच्या कोपऱ्यात बसून होतं. सरांनी सुमनताईंना नमस्कार केला नाही. त्यांनी सरांना केला. "बसा सर," त्या म्हणाल्या, "पायरी आहे, उजवीकडून या." आणि त्यांचा हात धरून खुर्चीपर्यंत नेलं. ताठ माणसाचा ताठा अशा वेळी कुठं ठेवायचा हे त्यालाच कळत नाही.

मनोहरभाऊंनी तासभर काम केलं. फुगलेले कपॅसिटर बदलले, तारा खरवडल्या, बोर्ड बसवला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा यंत्रातून फक्त कोंबडीच्या पिसाचा जळका वास आला. काकूंनी खिडकी उघडली. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा टीव्ही खरखरला, पडद्यावर अक्षरांचा चिवडा सांडला, मग तो पुसला गेला, आणि डाव्या कोपऱ्यात एक छोटा पांढरा चौकोन लुकलुकायला लागला.

 मनोहरभाऊंनी चष्मा काढून पुसला. सर म्हणाले, "आलं का? सांगा ना कोणी, आलं का?"

"आलं सर," सुमनताई म्हणाल्या.

"कॅसेट लाव. कुंडलीचा प्रोग्रॅम लाव. या साहेबांना दाखव."

"कॅसेटला बुरशी आली. ती आता चालत नाही. पण चालत असती तरी दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं." त्या सरांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. "सर, कुंडलीचा प्रोग्रॅम मी लिहिलाच नव्हता."

"म्हणजे?"

"आमच्या घरात कुंडली ही वस्तूच नव्हती. मला ते गणित येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. तुम्ही म्हणालात, चिपांचे पैसे द्यायचे आहेत, कर. मी केलं. मशीन मनाला येईल तो आकडा द्यायची. अठ्ठावीस ते तेहेतीस, त्याच्यात काही पण."

"पण मिनिटभर विचार करायची ना ती?"

"रिकामे आकडे मोजत बसायची. उत्तर लवकर आलं तर लोकांचा विश्वास बसत नसे."

इथं मला हसू आवरलं नाही. मी माझ्या नोकरीत याच तत्त्वावर चालणारी तीन-चार मोठी सॉफ्टवेअरं विकली आहेत. काकू पदरात तोंड घालून हलत होत्या. "म्हणजे आमचे एकतीस?"

"मशीनच्या मनात आलं ते, काकू."

"चाळीस वर्षं मी यायले ऐकवते, आपले एकतीस गुण जुळले म्हणून सहन करते म्हणून," काकू म्हणाल्या. "आता काय सांगून सहन करू?"

सर मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "आणि ते आठ?" त्यांनी विचारलं. "त्या मुलींचे आठ कुठून यायचे? तोही मनाचा आकडा?"

"तो नाही," सुमनताई म्हणाल्या. "तो एकच आकडा खरा होता. पत्रिकेसाठी जन्मतारीख द्यावीच लागते. मशीन आधी वय काढायची. मुलीला अठरा पूर्ण नसले की आठ. मुलगा कोणीही असो."

 मनोहरभाऊ हातातली पकड खाली ठेवायची विसरले.

"आठवा सर. पंधराची, चौदाची, सोळाची. तुम्ही सांगायचे, जुळत नाही. लोक उठून जायचे. भटजीचं ऐकलं नसतं, माझं तर नसतंच ऐकलं, पण मशीनचं ऐकायचे. मग कापसाची जिनिंग फॅक्टरी असलेल्या एकाच्या मुलीचे सात ठिकाणी आठ आले. तो तुमच्याकडे आला, म्हणाला, मशीन बिघडली, दुरुस्त करून घ्या, खर्च माझा. तुम्ही नागपूरचा माणूस बोलावला. त्यानं प्रोग्रॅमच्या चार ओळी वाचल्या असत्या आणि त्याला कळलं असतं. म्हणून मी कीबोर्ड आणि कॅसेट घेऊन गेले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चालू ठेवलं असतं?"

 मला वाटलं सर रागावतील, आणि त्यांच्या जागी मी असतो तर रागावलो असतो. ते म्हणाले, "नाही. मी घाबरलो असतो. तो जिनिंगवाला आमच्या कॉलेजच्या कमिटीवर होता." मग म्हणाले, "मी सगळ्या गावाला सांगत फिरलो, की तुला प्रोग्रॅम जमत नव्हता. तुला चोर म्हटलं."

"मला कळत होतं."

"तुला वाईट वाटलं नाही?"

"वाटलं ना. चोर म्हटल्याचं कमी वाटलं. प्रोग्रॅम जमत नव्हता म्हटल्याचं जास्त." आणि पहिल्यांदाच सुमनताईंचा आवाज जरा हलला. "सर, तो फार चांगला प्रोग्रॅम होता."

काकू उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं भाजणी परतल्याचा वास आला. दुसऱ्याच्या घरात न विचारता चूल ताब्यात घेणं हे पुण्यात भांडणाचं कारण होईल. इथं सुमनताई नुसत्या म्हणाल्या, "तिखट वरच्या डब्यात आहे, काकू."

पुन्हा वर्धा

बोर आर्वीतच राहिला. मी मागितलाच नाही. तिघांनी एकत्र बसून तो जोडला होता आणि तिघांनाही तो परत तोडायचा नव्हता. मी फोटो काढले, मनोहरभाऊंनी पिल्लू खिशात घातलं, आणि आम्ही निघालो. निघताना सरांनी विचारलं, "त्या जिनिंगवाल्याच्या मुलीचं पुढं काय झालं?"

"वर्ध्यातच असते," सुमनताई म्हणाल्या. "सातव्यांदा आठ आल्यावर बापानं नाद सोडला आणि तिला मॅट्रिकला बसवलं. आता विमा एजंट आहे. माझी पॉलिसीही तिच्याकडंच आहे. तिला अजून वाटतं, तिची पत्रिका खराब आहे."

 वर्ध्यात गाडी शिरल्यावर सर म्हणाले, घरी नाही, आधी तिच्याकडं. काकूंनी फोनवर पत्ता विचारून घेतला. त्या बाईंचं नाव मी इथं नलिनी असं लिहितो. खरं वेगळं आहे, आणि का ते पुढं कळेल.

नलिनीताईंना वाटलं आम्ही विमा काढायला आलो. सरांच्या वयाकडं बघून त्या थोड्या चिंतेत पडल्या. सरांनी बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सुमनताईंनी सांगितलं तसं, स्वतःला कुठं वाचवलं नाही. शेवटी म्हणाले, "तो आकडा दर वेळी तुझ्यासमोर मीच वाचायचो. सात वेळा. तू दाराशी उभी असायचीस. तुझ्यात काही कमी नव्हतं बाई. तुझं वय कमी होतं, एवढंच."

नलिनीताई खाली बसल्या. 

"पहिल्या चार वेळेस मी घरी जाऊन नाचत जाये," त्या म्हणाल्या. "बाबा कपाळाले हात लावत, अन् मी कोठ्यात गाईढोरायमधी जाऊन नाचत जाये. पाचव्या वेळेस मात्र रडली. वाटलं, खरंच काही खराबी असन माह्यात. थे मंग राह्यलंच कोठंतरी. शिकली, नोकरी धरली, तिसाव्या वर्षी माह्या पसंतीनं लग्न केलं, तरी राह्यलं. पोरगा बिमार पडला तरी मनात ये, माह्याच पत्रिकेनं झालं असन."

सर मान खाली घालून उभे होते. काकूंनी त्यांचा हात धरून त्यांना बसवलं.

मग नलिनीताई डोळे पुसून हसल्या. "पण खोटं कायले सांगू, त्या पत्रिकेनं मले लय कामबी दिलं. सासूले सांगितलं, माही पत्रिका कडक हाय, माह्या वाटेले जाऊ नका. दिरानं जमिनीत पैसे लावा म्हटलं, तवा सांगितलं, माह्या पत्रिकेत जमीन नाई. हे बाहेर कोणाले सांगू नका सर. अजून एक-दोन कामं तिच्यावरच अडून हायेत."

"नाही सांगणार," सर म्हणाले. मी मान डोलावली. म्हणून नाव बदललं.

नलिनीताईंनी टेबलावरचा फोन घेतला आणि नंबर लावला. पलीकडून सुमनताईंचा आवाज आला, "बोल गं. हप्त्याला अजून वेळ आहे ना?"

नलिनीताईंनी फोन दोन्ही हातांत धरला. 

"हप्त्यासाठी नाई, मॅडम," त्या म्हणाल्या. "उद्या मी तुमच्याकडे जेवाले येऊन राह्यली. मी येतवरिक जेवू नका."